कच्ची वहीच खरी

प्रश्न असा आला आहे: "डिप्लोमा सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डिचोली तालुक्यातला. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला मैदानावर आम्ही सुट्या कागदावर रीडिंग घेतो आणि घरी येऊन फिल्डबुकात स्वच्छ उतरवतो. तरी सर वही परत करतात, 'हे फिल्डबुक नव्हे' म्हणतात. मग ते लिहायचे कसे? आणि आता टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचे इलेक्ट्रॉनिक यंत्र, सगळे आपोआप साठवते, तर वही हवीच कशाला?"

तुमच्या सरांचे बरोबर आहे. चूक तुमच्या प्रश्नातच लिहिलेली आहे: "घरी येऊन उतरवतो." घरी उतरवलेली वही ही नक्कल झाली. ती कितीही देखणी असली तरी मोजणीच्या कामात तिला अस्सलची किंमत नाही. तो चुरगळलेला, घामाचा डाग पडलेला सुटा कागद तुम्ही फेकून दिलात ना? फिल्डबुक तो होता.

मी तीसेक वर्षे गोव्यात मोजणी करतो आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे असे फिरून झाले आहे. सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी रबराच्या इतका विरोधात का ते कळेल. दोन भावांच्या कुळागराची (पोफळीच्या बागेची) हद्द ठरवायची होती. ओहोळाच्या काठाने टेप धरून चाललो होतो. एक अंतर १८.४० असे लिहिले, पण सहकारी म्हणाला तेरा आहे, परत बघ. परत बघितले, तेराच होते. मी रबराने अठरा पुसून तेरा केले आणि पुढे गेलो. प्रकरण पुढे कोर्टात गेले. समोरच्या वकिलाने माझे पान उजेडासमोर धरले आणि विचारले, "हा आकडा जागेवर बदलला की ऑफिसात?" जागेवरच बदलला होता आणि नवा आकडा बरोबरही होता, पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हते. रबराने कागदाचा थर निघाला होता, एवढेच सगळ्यांना दिसत होते. सगळी मोजणी पुन्हा करावी लागली. त्याच जागी १८.४० वर एक आडवी रेघ, वर १३.४० आणि बाजूला "टेप परत वाचला" एवढे तीन शब्द असते तर विषय दोन मिनिटांत मिटला असता.

म्हणून पहिले काम हे करा: पेन्सिलीच्या मागचा रबर ब्लेडने कापून टाका. चुकले तर एकच रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर नवा आकडा, शक्य तर कारण. अख्खे पानच चुकले तर तिरकी रेघ मारून "रद्द" लिहा, पान फाडू नका. पानांना क्रमांक आधीच घालून ठेवा, म्हणजे फाडण्याचा मोहच होणार नाही. पेन्सिल कोणती? पाठ्यपुस्तके ३एच किंवा ४एच म्हणतात. कारण योग्यच आहे, शाई पावसात पसरते आणि मऊ पेन्सिल हाताच्या घामाने काळी होते. पण आपल्याकडे जूनपासून पुढे वहीचा कागद कायम दमट असतो आणि ४एच त्याला भोक पाडते. मी एच किंवा २एच वापरतो.

आता वहीत लिहायचे काय, हा खरा प्रश्न. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारे सर्व्हेअर कोकणीत एकच वाक्य सांगायचे: "कागदार बरय, तकलेंत दवरूं नाका." म्हणजे कागदावर लिही, डोक्यात ठेवू नको. डोक्यात ठेवलेले संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. नोंद अशा माणसासाठी लिहायची जो त्या जागेवर कधी आलेलाच नाही. एव्हरेस्टचेच बघा. १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाटीवरच्या ठाण्यांवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून त्या शिखराचे कोन घेतले गेले. उंचीच्या गणिताशी ज्यांचे नाव जोडले जाते ते राधानाथ सिकदार हिशेबाच्या टेबलावर बसलेले होते, दुर्बिणीला डोळा लावणारे दुसरे. १८५६ मध्ये २९,००२ फूट हा आकडा जाहीर झाला. कोन घेणाऱ्यांनी "बाकीचे मला आठवते" म्हणून नोंद अर्धी ठेवली असती तर हे गणित सुरूच झाले नसते. तुमच्या बाबतीत तो न आलेला माणूस म्हणजे बहुधा तुम्हीच असता, परीक्षेच्या आदल्या रात्री प्लॉटिंगला (मापांवरून नकाशा काढायला) बसलेले.

पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ, जागा, काम कोणते, हवामान, उपकरणाचा नंबर आणि कोणी काय केले ते लिहा. हे सगळे पोरे कंटाळून सोडतात, म्हणून कारणे सांगतो. उपकरणाचा नंबर यासाठी, की महिन्याभराने कळते त्या ऑटो लेव्हलची (उंचीतला फरक वाचायच्या दुर्बिणीची) दृष्टिरेषा बिघडलेली होती. मग कोणकोणत्या दिवशीची कामे तपासायची ते नंबरावरूनच समजते. स्टाफ (आकडे आखलेली उभी पट्टी) कोणी धरला ते यासाठी, की सरकत्या अॅल्युमिनियम स्टाफचा एक टप्पा "टक्" आवाज होईपर्यंत ओढला नाही तर वरच्या टप्प्यावरचे प्रत्येक रीडिंग चुकते, आणि ही सवय माणसागणिक असते. हवामान यासाठी, की एप्रिलात सड्यावर (कातळाच्या पठारावर) दहा वाजल्यानंतर हवा इतकी थरथरते की स्टाफवरचे आकडे नाचतात. खऱ्या कामात सर्व्हे नंबर आणि पोटविभागही इथेच येतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या हक्काच्या उताऱ्यावर) जसा असेल तसाच लिहायचा.

लेव्हलिंगवर, म्हणजे उंची-सखलता मोजण्यावर, थोडा जास्त थांबतो, कारण वह्या परत येतात त्या बहुतेक याच्याच. गेल्या वर्षी माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलांनी मये भागातल्या एका प्लॉटवर फेरी मारली. बेंचमार्कची, म्हणजे सुरुवातीच्या पक्क्या खुणेची, उंची ५०.००० मीटर धरली होती. लेव्हल मांडल्यावर उंची माहीत असलेल्या बिंदूवर घेतलेले पहिले रीडिंग ते बॅकसाइट, ती हलवण्यापूर्वीचे शेवटचे ते फोरसाइट, मधले ते इंटरमीजिएट. एच.आय. ही दुर्बिणीच्या रेषेची उंची, आर.एल. ही बिंदूची उंची, आणि सी.पी. म्हणजे लेव्हल हलवताना धरलेला बिंदू. वहीतले पान असे:

बेंचमार्क: बॅकसाइट १.४२५, एच.आय. ५१.४२५, आर.एल. ५०.०००
अ: इंटरमीजिएट १.८७०, आर.एल. ४९.५५५
सी.पी. १: फोरसाइट २.३१०, आर.एल. ४९.११५, बॅकसाइट ०.९८५, एच.आय. ५०.१००
ब: इंटरमीजिएट १.६४०, आर.एल. ४८.४६०
सी.पी. २: फोरसाइट १.२०५, आर.एल. ४८.८९५, बॅकसाइट २.४८०, एच.आय. ५१.३७५
परत बेंचमार्क: फोरसाइट १.२७२, आर.एल. ५०.१०३

मुलांनी ताळा केला. बॅकसाइटची बेरीज ४.८९०, फोरसाइटची ४.७८७, वजाबाकी ०.१०३. शेवटच्या आणि पहिल्या आर.एल. मधला फरकही ०.१०३. "सर, ताळा जुळला!" हो, जुळला. पण तो ताळा तुमची बेरीज-वजाबाकी तपासतो, तुमचे डोळे नव्हे. रीडिंग चुकीचे वाचले असले तरी तो जुळतोच. सुरुवात केली त्याच दगडावर परत येऊन तो १०३ मिलिमीटर वर गेलेला दिसतो, म्हणजे कुठेतरी बिघडलेच आहे. फेरी दीडशे मीटरची. साध्या लेव्हलिंगला २४√के मिलिमीटर इतकी सूट असते, के म्हणजे किलोमीटर. इथे ती नऊ मिलिमीटरच्या आसपास येते.

एकाने सुचवले, "शेवटचे १.३७५ लिहूया, बरोबर ५०.००० येते." हे वाक्य दरवर्षी एकदा तरी ऐकायला मिळते. असे केले तर पान अगदी सुंदर दिसते, आणि 'ब' बिंदू कायमचा दहा सेंटिमीटर वर लटकतो. सी.पी. १ पासून पुढचे सगळेच वर लटकते. खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) बांधाची लेव्हल घेत असाल तर दहा सेंटिमीटर म्हणजे काय? आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरकच दोन मीटरच्या आसपास. बांध दहा सेंटिमीटर खाली राहिला तर मोठ्या भरतीला खारे पाणी शेतात उतरायला तेवढे पुरते.

चूक सापडली ती शेऱ्याच्या रकान्यामुळे. सी.पी. च्या रीडिंगला दुर्बिणीतल्या तिन्ही आडव्या तारा वाचायच्या असे मी सांगून ठेवले होते. वरची २.५३५, खालची २.२८५ असे शेऱ्यात लिहिले होते. दोन्हींची सरासरी २.४१०; मधल्या तारेचे रीडिंग तेवढेच यायला हवे, आणि लिहिले होते २.३१०. डेसिमीटरचा आकडा चुकीचा वाचला गेला होता. १०३ मध्ये शंभर जवळजवळ पूर्ण आहेत, तेव्हा डेसिमीटरवर संशय आधीच जायला हवा. तरीही मी नुसता आकडा दुरुस्त करू दिला नाही. सी.पी. १ एका घराच्या पायरीच्या कोपऱ्यावर घेतला होता आणि छिन्नीने फुली मारली होती, म्हणून तो परत सापडला. लेव्हल नव्याने मांडून बेंचमार्क आणि सी.पी. १ परत वाचले: १.३९० आणि २.३७३. फरक ०.९८३. २.४१० धरले तर जुना फरक ०.९८५ येतो. मग जुन्या पानावर २.३१० वर रेघ, वर २.४१०, शेजारी सही आणि "पान ७ पाहा". पान ७ वर नवी रीडिंग. फेरी तीन मिलिमीटरवर मिटली. ते पान दिसायला कुरूप आहे, पण मी नव्या मुलांना तेच दाखवतो.

इथे शिक्षकांनाही एक टोमणा मारून घेतो. क्लोजिंग एरर (फेरी मिटताना उरलेला फरक) शून्य आली की दहापैकी दहा द्यायचे आणि आठ मिलिमीटर आली की सात, असे केले तर पोरे शून्यच आणतील. घरी बसून आणतील. मार्क त्या रेघ मारलेल्या आकड्याला द्यायला हवेत.

रीडिंग ओरडून सांगण्याचे तंत्रही लिहिण्याइतकेच महत्त्वाचे. मराठीत आपण आकडा उलटा बोलतो, एकक आधी आणि दशक नंतर. पंचेचाळीस ऐकताना आधी पाच कानावर येतो, आणि घाईत हात ५४ लिहून मोकळा होतो. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांचा तर वाऱ्यावर निम्मा भागच पोचतो. शिवाय मोजणीच्या पार्टीत एक पेडण्याचा, एक सासष्टीचा, एक बेळगावचा असतो. म्हणून एकेक अंक सुटा बोला: "एक, पॉइंट, चार, दोन, पाच." लिहिणाऱ्याने ते लिहून मोठ्याने परत म्हणायचे, दुर्बिणीवाल्याने तोपर्यंत डोळा काढायचा नाही आणि "हो" म्हटल्यावरच स्टाफ हलवायचा. २.३ असे लिहू नका, २.३०० लिहा. नाहीतर तुम्ही मिलिमीटरपर्यंत वाचले की डेसिमीटरवर सोडून दिले ते कळत नाही. आकडे कोणत्याही लिपीत लिहा, पण एका वहीत एकच लिपी ठेवा. देवनागरी १ आणि ९ घाईच्या अक्षरात भाऊ-भाऊ दिसतात.

चेन सर्व्हेचे (साखळीने किंवा टेपने नुसती अंतरे मोजून केलेल्या मोजणीचे) पान खालून वर लिहितात, याचे तुम्हाला नवल वाटत असेल. वही हातात धरून चालताना पुढची जमीन पानाच्या वरच्या बाजूला येते. डावीकडचे झाड पानात डावीकडे, उजवीकडचा गडगा (दगडी कुंपण) उजवीकडे. उलटे लिहिले की डावे-उजवे मनात फिरवावे लागते, आणि दुपारी एक वाजता ते हमखास चुकते. रेखाटन स्केलमध्ये नसले तरी चालते. उलट जिथे गर्दी आहे तो कोपरा मुद्दाम मोठा काढा, बाकीचे आखडते घ्या. उत्तरेचा बाण मात्र प्रत्येक पानावर हवा.

खुणांबद्दल. मी एका जुन्या वहीत लिहिले होते: "आंब्यापासून ४.६०." पाच वर्षांनी गेलो तर तिथे आंबे तीन, आणि एका जागी नुसता बुंधा. कुठला आंबा, आणि खोडाच्या मध्यापासून मोजले की सालीपासून? महत्त्वाचा बिंदू कमीत कमी दोन, शक्य तर तीन पक्क्या वस्तूंपासून मोजून ठेवा: घराच्या जोत्याचा चिऱ्याचा कोपरा, विहिरीचा काठ, कलव्हर्टचा कठडा. कुठला कोपरा तेही रेखाटनात बाणाने दाखवा. जांभ्यावर खडूची किंवा रंगाची खूण करून समाधान मानू नका. इथल्या एका पावसाळ्यात दगडावर काळे शेवाळ चढते आणि खूण गडप होते. छिन्नीची फुली राहते. हद्दीच्या कामात हे फार लागते, कारण आपल्या गावच्या सर्व्हे प्लॅनचे स्केल १:१०००. प्लॅनवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) अर्ध्या मीटरवरून भांडत असतील तर प्लॅनवरच्या रेघेची जाडीच तेवढी असते. तिथे तुमच्या वहीतली मापेच बोलतात.

कंपासचे थोडक्यात. जांभ्यात लोह भरपूर, आणि डिचोली-सत्तरी-सांगे हा तर खाणींचाच पट्टा. एकाच रेषेची पुढे जातानाची दिशा (फोर बेअरिंग) ७२°३०′ आणि उलट दिशा (बॅक बेअरिंग) २५४°००′ आली, म्हणजे फरक १८० ऐवजी १८१°३०′, तर दोन्ही जसेच्या तसे लिहा. जागेवरच "जुळवून" घेऊ नका. लोकल अॅट्रॅक्शनची (जवळच्या लोखंडाने सुई भरकटते त्याची) दुरुस्ती नंतर करायची असते आणि तिला कच्चे आकडेच लागतात. शेऱ्यात आजूबाजूला काय होते ते लिहा: लोखंडी कुंपण, विजेचा खांब, उभी केलेली स्कूटर. खिशातला मोबाइल आणि चाव्यांचा जुडगा आधी दूर ठेवून या.

आता टोटल स्टेशन. ते कोन, अंतर, कोऑर्डिनेट साठवते हे खरे. पण तुम्ही त्याला जे खोटे सांगाल तेही ते तितक्याच निष्ठेने साठवते. प्रिझमच्या (मशीनचा किरण परतवणाऱ्या काचेच्या) दांड्याची उंची १.५०० टाकून काम चालू होते. मध्ये गडगा आड आला म्हणून पोराने दांडा २.००० केला आणि कोणी मशीनला सांगितले नाही. तिथून पुढचे सगळे बिंदू अर्धा मीटर उंच आले. नकाशावर गडग्यापलीकडची जमीन अचानक पायरीसारखी चढलेली. वहीत "बिंदू ४७ पासून दांडा २.००" एवढी ओळ असल्याने ऑफिसात ४७ पासून पुढे अर्धा मीटर वजा करून काम मार्गी लागले. ती ओळ नसती तर कुठल्या बिंदूपासून वजा करायचे हे कसे ठरवणार? म्हणून जॉब फाइलचे नाव, कुठे उभे राहिलात, बॅकसाइट कुठे घेतली, उपकरणाची उंची, दांड्याची उंची आणि ती बदलली तो बिंदू, प्रिझम कॉन्स्टंट, आणि बिंदू क्रमांक टाकलेले रेखाटन, एवढे वहीत यायलाच हवे. मशीनच्या यादीत बिंदू ६३ हा फक्त तीन आकड्यांचा असतो. तो विहिरीचा काठ आहे की तुळशीवृंदावन, हे रेखाटन सांगते.

तुमच्या सध्याच्या वहीचे काय करायचे? सुटे कागद अजून घरी असतील तर शोधा, त्या त्या पानाला चिकटवा आणि सरांना तसेच दाखवा. पुढच्या प्रॅक्टिकलपासून वही मैदानावरच उघडायची, पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून लिहावे लागले तरी. उतरवलेली स्वच्छ प्रत हवीच असेल तर वेगळी करा आणि माथ्यावर "नक्कल" लिहा. निघण्यापूर्वी, ट्रायपॉड मिटायच्या आधी, दोन मिनिटे पानावरून नजर फिरवा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून पार्टीतल्या सगळ्यांना पाठवा. माझी एक वही म्हादईच्या पात्रात गेली ती मोबाइलपूर्व काळात. तीन दिवसांचे काम होते, आणि ते आम्ही तीन दिवसांतच परत केले.